जवाचे लाडू

नरहररावांना रायपूरच्या गुढियारी भागात रस्त्यावर चक्कर आली तो बुधवार होता. म्हणजे स्वरदाचा माहेरी यायचा वार नव्हता. मालधक्क्याजवळच्या एका किराणा दुकानदाराने त्यांना सावलीत आणून बाकावर बसवलं, तोंडावर पाणी शिंपडलं, आतून लिंबाचं सरबत करून आणलं. त्या सरबताला त्यांनी हात लावला नाही. फोन कुणाला करू, असं विचारल्यावर मात्र मुलीचा नंबर खडाखडा सांगितला. नवा रायपूरहून स्वरदा येऊन पोचेपर्यंत ते तसेच कोरड्या तोंडाने, पाठ ताठ ठेवून बसून होते. दुकानदार तिला म्हणाला, "दीदी, बाबूजी ने एक घूँट तक नहीं लिया." त्याला काळजी वाटली होती हे खरं, पण आता तो जरा दुखावलाही होता.

डॉक्टरांना दुखणं काही सापडलं नाही. रक्त कमी होतं, साखर खाली गेली होती, आणि वजन इतकं उतरलं होतं की पट्ट्याला नवीन पाडलेलं भोक त्यांच्याही नजरेतून सुटलं नाही. या वयात, असल्या वैशाखात, माणूस एका जेवणावर दिवस काढू शकत नाही, असं ते स्वरदाला बाजूला घेऊन म्हणाले. दर दोन-तीन तासांनी पोटात काहीतरी पडलंच पाहिजे. नाहीतर पुढच्या खेपेला बाकावर बसवायलाही वेळ मिळणार नाही, आणि खुब्याचं हाड मोडलं की मग उठणं कठीण. काहीतरी म्हणजे काय, असं तिने विचारलं. काहीही, असं ते म्हणाले.

तिथेच तर सगळं अडलं होतं.

स्वरदाची आई विजयाबाई पौषात गेल्या. स्वरदा एकुलती एक. मुलगा नाही म्हटल्यावर क्रियेला पुतण्यांपैकी कोणीतरी बसेल असं नातेवाइकांनी धरून चाललं होतं, पण नरहरराव म्हणाले, बायको माझी आहे, मी बसतो. आणि जो क्रियेला बसतो त्याच्यामागे वर्षभराचे नियम लागतात. त्यातला एक परान्नाचा: वर्ष होईपर्यंत दुसऱ्याच्या घरचं अन्न खायचं नाही. ना शेजारचं, ना बाजारचं. आता नरहरराव म्हणजे रेल्वेच्या मालधक्क्यावर उभी हयात घालवलेला माणूस. स्टेशनावरचे समोसे आणि सोबत्यांचे डबे खाऊन त्यांनी नोकरी केली, सोवळं-ओवळं करणाऱ्या थोरल्या भावाची जन्मभर थट्टा केली. बाकीचे नियम त्यांनी आताही फारसे मनावर घेतले नव्हते. पण हा एक धरला, आणि असा धरला की सोडवेना.

स्वरदाने लावलेला खानावळीचा डबा दारातूनच परत गेला. शेजारच्या पद्मिनीकाकू कंपाउंडच्या भिंतीवरून वाटीभर वरण पुढे करत. ते "ठेवा, ठेवा" म्हणत घेत आणि गल्लीतल्या गाईला घालत. मग एका सकाळी स्वरदा आपल्या फ्लॅटवरून पोळी-भाजी घेऊन आली. डब्याचं झाकण उघडायच्या आत त्यांनी विचारलं, "कोणाच्या घरचं हाये?"

"माझ्या, बाबा. मीच केलंय सकाळी उठून."

"तेच म्हणून राहिलो मी. तुझ्या घरचं."

रागाने नव्हे, तुमची गाडी या फलाटावर येत नाही, असं प्रवाशाला सांगावं तसं ते म्हणाले.

स्वरदा एका संस्थेच्या ग्रंथालयात काम करत होती. कन्यादान, गोत्र, लग्न झालेली मुलगी कोणाची, यावर तिने जेवढं वाचलं होतं तेवढं त्या अख्ख्या पाऱ्यात, मोहल्ल्यात, कुणी वाचलं नसेल. पण वाचताना ते सारं दुसऱ्यांबद्दल असायचं. डबा पिशवीत घालून ती परत निघाली. नवा रायपूरच्या त्या रुंद, मोकळ्या रस्त्यावर, जिथे बसथांब्यावरही माणूस दिसत नाही, तिथे गाडी बाजूला घेऊन तिने तो डबा एकटीने संपवला. भूक नव्हती. टाकवेना म्हणून खाल्लं.

शेवटी असं ठरलं की आठवड्यातून तीन दिवस तिने यायचं, त्यांच्या स्वयंपाकघरात, त्यांच्या डब्यातलं पीठ आणि त्यांचीच डाळ घेऊन रांधायचं. ते अन्न त्यांना चालत होतं. पण दुपारचं उरलेलं रात्री ते शिळं म्हणून टाकत, आणि बाकीचे दिवस दूध-केळ्यावर काढत. स्वतः काही करून घ्यावं, तर एकदा त्यांनी दूध तापवायला म्हणून गॅस सोडला आणि काडी पेटवायचीच विसरले. तेव्हापासून स्वरदा निघताना सिलिंडरचं बटन बंद करून जाई आणि वाटेत दोनदा तरी तिला शंका येई, की केलं ना आपण बंद? गौतम, तिचा नवरा, म्हणाला होता की बाबांना इकडेच आणू. आणायचं तर होतंच. पण येणाऱ्याने यायला हवं ना.

त्या दिवसांत स्वरदाला एका जागी बसवत नसे. ग्रंथालयात शिपाई असताना ती स्वतः पुस्तकं उचलून फडताळात लावत फिरे. घरी वाचायला घेतलेलं पान तेच राही. आई गेल्यावर ती रडली नव्हती असं नाही, पण नीट, बसून, रडली नव्हती. आधी माणसांचं चहापाणी होतं, मग बाबांचं खाणं सुरू झालं. ती दर दोन तासांनी त्यांना फोन करी. काय खाल्लं? खाल्लं. काय खाल्लं पण? यावर ते म्हणत, आता काय खाल्ल्याचा पंचनामा करतं काय तू, आणि फोन ठेवून देत.

ग्रंथालयाच्या काउंटरवर पिंकी बसायची. तिची आई नागपूरकडची, त्यामुळे मराठी तिला सगळं समजे, पण उत्तर हिंदीतच येई. बाबांना चक्कर आल्याचं ऐकून तिने दुसऱ्या दिवशी एक प्लास्टिकचा डबा स्वरदासमोर सरकवला. आत खजुराचे काळपट गोळे होते.

"एनर्जी बॉल हैं, दीदी. हमारे इनको जिम का भूत चढ़ा है ना, हर संडे बनाना पड़ता है. खजूर, ओट्स, मूँगफली, बस मिक्सर में घुमाओ और लड्डू बाँध लो. गैस जलाना ही नहीं है."

"गॅस लागतच नाही?"

"लगता तो मैं बनाती?"

स्वरदाने एक गोळा उभ्या-उभ्याच तोंडात टाकला. चवीकडे तिचं लक्षच नव्हतं. चूल नाही, म्हणजे रांधणं नाही. रांधलं नाही तर शिळं होण्याचा प्रश्न नाही. बाबांच्या घरात, बाबांच्या भांड्यांत केलं तर परान्नही नाही. एकदा करून ठेवलं की आठवडाभर टिकेल, त्यांनी डबा उघडायचा आणि एक तोंडात टाकायचा. नियम मोडायचा नव्हता, त्याच्या बाजूने वाट होती. त्या संध्याकाळी फार दिवसांनी तिने गाडीत गाणी लावली आणि पहिल्याच सिग्नलला बंद केली.

शुक्रवारी तिने खजुराचे केले. ती समोर उभी राहिली म्हणून नरहररावांनी एक तोंडात टाकला. खजुराने वरची कवळी अशी धरली की त्यांना बोलता येईना. ते उठून बेसिनकडे गेले, बऱ्याच वेळाने आले आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "हे दात काढायचं औषध आणलं काय तू?" ओट्सची पिशवी त्यांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, तांगेवाला हरिदास घोड्याले हेच चारायचा असं सांगितलं आणि खाली ठेवून दिली. स्वरदाला हसू आलं. मग तिने दाणे आणि गूळ मिक्सरमधून काढून बघितले. तेल सुटून गोळे छान मऊ वळले गेले. त्यांनी तिच्यासमोर एक खाल्ला, बरा आहे म्हणाले. पुढच्या वेळी ती आली तेव्हा डबा तसाच होता; दाण्यानं पित्त होतं, म्हणाले. मुंग्यांना मात्र तो सापडला होता.

ती हार मानणाऱ्यांतली नव्हती. तिने वाचायला घेतलं. वाचणं तिच्या हातचं होतं. उन्हाळ्याला थंड काय, चावावं लागणार नाही असं काय, रक्त कशाने वाढतं. जवाचं सातू: धान्य आधीच भाजून दळलेलं, पुन्हा विस्तव लागत नाही, पोटाला हलकं. काळे तीळ: त्यात लोह. साखर-गुळाऐवजी मध, म्हणजे बांधायलाही तोच. थोडं दूध, चमचाभर तूप. तिने एका चिठोऱ्यावर प्रमाण उतरवून काढलं तेव्हा तिला वाटलं, हे इतकं साधं आपल्याला आधी कसं सुचलं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी ती लवकरच आली. चक्कीवरून जवाचं सातू आणि बाजारातून तीळ तिने बाबांच्याच पिशवीतून आणले होते, उगीच शंका नको. नरहरराव आंघोळीला गेले होते. तिने परातीत सातू घेतलं, अर्धे तीळ भरड वाटले, अर्धे तसेच टाकले. मध, तूप, दूध. पीठ हाताला चिकटेना, सैलही होईना. पहिल्यांदाच सारं मनासारखं जमलं होतं. एकेक गोळा वळून ती स्टीलच्या थाळीत मांडत गेली. करड्या रंगाचे, काळे ठिपके पडलेले, एकसारखे.

नरहरराव पंचा नेसून, ओल्या केसांनी स्वयंपाकघराच्या दारात आले आणि तिथेच थांबले.

"बाबा, हे बघा, हे दाताला चिकटत नाहीत," असं म्हणत तिने एक उचलून त्यांच्यापुढे धरला.

ते एक पाऊल मागे सरले. हात चौकटीला गेला.

स्वरदाला वाटलं, झालं, पुन्हा नाही. आणि इतके दिवस जे तिने फोनवर, गाडीत, गौतमजवळ, डॉक्टरांसमोर गिळलं होतं ते बाहेर आलं. आवाज तिने चढवला नाही; तिच्या घरात तशी रीत नव्हती. ती म्हणाली की तुम्ही रस्त्यात पडला होता, आठवतंय का. दाताला लागतं म्हणाला, ते सोडलं. पित्त होतं म्हणाला, ते सोडलं. तुमच्याच घरात तुमच्याच पिठाचं करतेय. आता याच्यात काय वाईट आहे तेवढं सांगा. आई असती तर तिने तुम्हाला असं उपाशी राहू दिलं असतं का?

नरहरराव थाळीकडे पाहत होते. "झाकून ठेव ते," एवढंच म्हणाले. आतल्या खोलीत जाऊन त्यांनी सदरा चढवला, चपला घातल्या आणि बाहेरचं फाटक वाजलं.

स्वरदाने थाळी झाकली नाही. परातीत पीठ उरलं होतं. ती रागाने उरलेले गोळेही वळत बसली.

पद्मिनीकाकू मागच्या दाराने कढीपत्ता मागायला आल्या, त्या बोलत बोलतच आल्या. की भाऊजी एवढ्या उन्हाचे कुठं निघाले, मी आवाज दिला तर बघितलं बी नाही. मग त्यांची नजर थाळीवर गेली आणि त्यांचं बोलणं थांबलं. बोलणं थांबलेल्या काकू स्वरदाने आजवर पाहिल्या नव्हत्या.

"हे काय करून राहिली तू, पोरी?"

"लाडू. बाबांसाठी."

काकूंनी जवळ येऊन वास घेतला. "जवाचं पीठ हाये?"

"हो."

"काळे तीळ. अन् मध घातला असंल."

"हो. पण काय झालं?"

"राजिमले तू नव्हती काय?"

ती होती. आईच्या दहाव्याला सगळे राजिमच्या तीर्थावर गेले होते. अभनपूरला गाडी थांबवून पुरुषमंडळींनी पाणी घेतलं होतं, ते तिला आठवत होतं. पण तिथे पोचल्यावर पुरुष खाली महानदीच्या वाळूत गेले आणि बायका वर, गाडीजवळ, झाडाखाली बसल्या. वरून बाबांची नुसती पाठ दिसत होती. ते वाकून काहीतरी करत होते.

"तेच करत होते," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "याचेच पिंड असतात दहाव्याचे. जव, काळे तीळ, मध, दूध, तूप. आमच्या यांच्या वेळेस पोरगा विमानातून येऊन पोचला नव्हता, तर गुरुजींनी मलेच बसवलं. म्हणून मले माहीत. नाही तर आपल्या बायांले कोण दाखवते?"

स्वरदा थाळीकडे बघत राहिली. आता तिलाही ते लाडू वाटेनात. पिंड हा शब्द तिने किती पुस्तकांतून वाचला असेल, पण वाचलेल्या शब्दाला पीठ लागलेलं नसतं. आणि तिने तो बाबांच्या तोंडासमोर धरला होता. घ्या म्हणून.

"मी झाकते हे," काकू म्हणाल्या. "तू आधी भाऊजींले बघ. काही खाल्लं होतं काय सकाळून?"

काही नाही. दूधही नाही.

हात न धुताच ती गाडीत बसली. स्टिअरिंगला पीठ लागलं. दत्ताच्या देवळात ते नव्हते. वाचनालयाबाहेर पेपरवाल्या म्हाताऱ्यांच्या बाकावर नव्हते. त्यांचा फोन घरीच राहिला होता, तो काकूंनी उचलला. बुधवारच्या त्या दुकानदाराने तिला लांबूनच ओळखलं आणि मालधक्क्याच्या दिशेला हात केला. अभी-अभी गये हैं, बैठने को बोला, बैठे नहीं. रस्त्यावर ट्रक उभे होते, त्यांच्यामधून गाडी जाईना. तिने ती तिथेच सोडली आणि चालत निघाली, मग पळत. प्रत्येक घोळक्यात तिला कुणीतरी खाली पडलेलं दिसे, आणि जवळ गेल्यावर ती नुसती पोती असत.

एका बंद गोदामाच्या ओट्यावर, सावलीत, ते बसले होते. पलीकडे हमाल गमछे तोंडावर घेऊन आडवे झाले होते. ती समोर जाऊन उभी राहिली. धाप लागली होती, त्यामुळे बोलता आलं नाही, आणि ते बरंच झालं.

"मला माहीत नव्हतं, बाबा," शेवटी ती म्हणाली. "काकूंनी आत्ता सांगितलं."

"तुले कसं माहीत असंल. तुम्ही वर होत्या." त्यांनी ओट्यावरची धूळ हाताने झटकून जागा केली. ती बसली नाही.

मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज पलीकडून येत गेला. नरहररावांनी तो संपू दिला.

"गुरुजींनी पीठ समोर ठेवलं अन् म्हणाले, कालवा. म्या जन्मात कधी पीठ कालवलं होतं काय? सैलच झालं. त्यांनी अजून घातलं. मग घट्ट झालं. मागं लोकं उभे. मले वाटलं, ही असती तर हसली असती." त्यांनी आपल्या तळहातांकडे पाहिलं. "चहा बी नाही करून दिला कधी तिले. म्या आपल्या हातानं तिच्यासाठी पहिल्यांदा काही खायचं केलं असंल, तर ते."



"गुरुजी तिथंच म्हणाले होते मले. नरहरराव, तुमचं वय झालं, परान्नाचं एवढं पाळू नका. औषध समजून खात जा. चालते, म्हणाले."

"चालतं?" तिच्या तोंडून निघालं. "मग इतके दिवस तुम्ही..."

"मग मी करू काय, सांग ना." ते पहिल्यांदा तिच्याकडे वळून बघत होते. "सकाळी उठतो. तिची गोळी द्यायची नाही. तिनं आवाज द्यायचा नाही, ऐकलं नाही म्हणून मी बोलणी खायची नाही. तू येतं, रांधतं, पळतं. तुले काम हाये. मले हे एकच काम हाये तिचं. ते बी सोडून देऊ?"

 

"तुम्ही पडलात तर मी काय करू?" ती म्हणाली. "तेही सांगा मग. आई गेली तेव्हा तुम्ही सगळं केलंत. मी वर गाडीपाशी बसले होते. तुमच्या वेळेलाही मला वरच बसवतील. मला फक्त आत्ताच काही करता येतं, बाबा. आत्ता."

 ते समोरच्या रिकाम्या हातगाडीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ऊन चढलं, चल. उठताना त्यांचा तोल गेला. तिने दंडाला धरलं. बाहीच्या आत दंड कुठे आहे ते तिला चाचपावं लागलं. गाडीपर्यंतचा रस्ता ते तिच्या खांद्यावर हात ठेवून आले. एक हमाल गमछा बाजूला करून पाहत होता, तो उठून काही अंतर मागे मागे आला आणि गाडीचं दार लागल्यावर परत गेला.

घरी काकूंनी थाळीवर परात पालथी घातली होती आणि त्या समजूतदारपणे निघून गेल्या होत्या, कढीपत्ता न घेताच. स्वरदा सरळ थाळी उचलायला गेली. नदीवर नाही जमलं तर मागच्या झाडाखाली मातीत घालते, असं ती म्हणाली.

"काहून? अन्न हाये ते."

"पण बाबा..."

"परात दे इकडं."

ते स्वयंपाकघरातल्या पाटावर बसले. पुष्कळ वर्षांत त्या पाटावर त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. ती विजयाबाईंची विळीवर बसायची जागा. परात पुढ्यात ओढून त्यांनी थाळीतला पहिला गोळा उचलला.  मग त्यांनी तो दोन्ही अंगठ्यांनी मधोमध फोडला आणि परातीत टाकला. मग दुसरा. पुढचे ते भराभर फोडत गेले.

"दाण्याचा कूट हाये काय?"

"आहे."

"टाक. अजून टाक. गूळ किसून दे." मग जरा थांबून ते म्हणाले, "अन् मीठ."

"मीठ? लाडवात?"

"पिंडात मीठ नसते," नरहरराव म्हणाले. "म्हणून."

तिने मिठाची बरणी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चिमूट घेतली, परातीवर धरली, आणि क्षणभर तशीच धरून ठेवली. मग सोडली. थोडं आणखी घेतलं. आयुष्यात कधी मीठ न घातलेल्या माणसाचा अंदाज. स्वरदाला दिसत होतं की हे जास्त होतंय, पण तिने अडवलं नाही. ते दोन्ही हातांनी मळू लागले. कुटाचं तेल सुटून पिठाचा रंग तांबूस झाला, तीळ आत कुठेतरी दिसेनासे झाले. थाळीला तूप लावायला तुपाचं भांडं शोध, मग वाटी शोध, मग सुरी. ती ओट्यापासून मांडणीपर्यंत नुसती येरझारा घालत होती.

"बस ना वं आता," ते म्हणाले. "सकाळपासून उभी हायेस. तुही आई बी अशीच. माणसानं पाहून दमावं."

ती त्यांच्यासमोर फरशीवर बसली.  आईची मांडणी, आईचा पाट, खालून सगळं निराळंच दिसत होतं. तिने तोंड फिरवलं नाही, डोळेही पुसले नाहीत. हाताला अजून पीठ होतं. नरहररावांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते वाटीच्या बुडाने थाळीतलं पीठ दाबून सपाट करण्यात गुंतले होते, कडेपर्यंत, जणू याचीच कोणी तपासणी करणार आहे. मग सुरीने वड्या पाडल्या. एक मोठी, एक लहान, एक तिरकी.

पहिली त्यांनी तिच्यापुढे धरली.

"तुम्ही आधी."

"तू खा. खारट झालं असंल तर सांग."

तिने तोंडात टाकली. गूळ होता, दाणे होते, सातूचा भाजका वास होता, आणि त्या सगळ्यावर मीठ.

"छान झालंय," ती म्हणाली.

नरहररावांनी एक वडी घेतली.  मग एका बाजूने तोडून तोंडात टाकली आणि चावू लागले, कवळी सांभाळत, सावकाश.  घास गळ्याखाली उतरला तो तिला दिसला.

"खोटं बोलून राहिली," ते म्हणाले. "खारट झालं."

आणि उरलेली वडी तोंडात टाकून त्यांनी दुसरी घ्यायला थाळीकडे हात नेला.